सभागृहातली पिवळी रेघ

सास्तूर, गुरुवार, संध्याकाळ

हातांवरचा रंगही धुतलेला नाही, आधी हे लिहिते. आठ दिवस गावच्या सभागृहाच्या भिंती रंगवतेय. नुसते रंगांचे आकार, ओळखीचं चित्र कुठलंच नाही. समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक वाकडी पिवळी रेघ. मला तीच सगळ्यात आवडलेली.

दुपारी शेजारच्या जनाकाकू बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची लेक भिंतीखाली गेली.

"पोरी, भिंत फुटली का गं?"

"नाही काकू, रंग आहे तो. हात लावून बघा."

"मला न्हाय यायचं आत."

बाहेरच बसल्या. या गावात तशी रेघ! मला कसं सुचलं नाही? अजून किती जणांना तसंच वाटलं असेल, आणि कुणी बोललं नसेल?

बाहेर जाऊन विचारलं, "मग काय काढू, काकू?"

"दारावरून सिमेंटचा पट्टा चौफेर फिरला व्हता, त्यो कुठं गेला? भूकंपात त्यो भिंती धरून ठेवतो म्हणून बांधताना सांगितलं व्हतं आमाला. दिसला की बरं वाटतं."

तो मीच जांभळ्या रंगाखाली बुजवला होता.

मग त्याच जांभळ्यानं पिवळी रेघ झाकली आणि पट्टा चारी भिंतींवर लाल केला. काकूंना बोलावलं. पट्ट्यावर नजर ठेवून त्या हळूहळू सगळीकडं फिरल्या. शेवटी आत बसल्या, पण दाराशीच, एका हातानं चौकट धरून.