नवव्या पिढीचं बोळकं

४ जून

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर तुझ्याशी बोलणं अशक्य आहे. तोंड वासून बसलेल्या माणसांना प्रश्न विचारण्यात तुझा जन्म गेला. त्यामुळे समोरचा माणूस उत्तरही देतो, हे तू विसरूनच गेलायस. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही.

सोबत आपल्या व्हिडिओ गेमची नववी पिढी, म्हणजे नववी आवृत्ती, पाठवतेय. पहिली पिढी तू तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंटची मुलं रडू नयेत म्हणून आणलीस आणि मुलांच्या आधी स्वतःच तिच्या नादी लागलास. रानात जायचं, दिसेल ते जनावर पकडायचं, पोसायचं आणि दुसऱ्याच्या जनावराशी झुंजवायचं, हे मला अक्षरओळखीच्या आधी तुझ्या मांडीवर कळलं. आता तोच खेळ बनवणाऱ्या कंपनीत मी जनावरांची चित्रं काढते, यात तुझा हात आहे. त्यामुळे ही कटकट तुलाच निस्तरावी लागेल.

या पिढीतलं एक जनावर पहिल्या रेघेपासून माझं आहे. कोणतं ते सांगणार नाही. अडचण अशी की ते चित्रं पसंत करणाऱ्या समितीतून बाहेर आलं आणि आता माझं मलाच ओळखू येत नाही. पुढच्या पिढीसाठी साहेबांनी विचारलंय, जनावरांच्या खात्यात राहणार की टोप्यांच्या खात्यात जाणार? हसू नकोस. खेळणाऱ्याने खेळात घालायच्या टोप्या, मोजे आणि पाठीवरच्या पिशव्या काढणारं खातं आता आमच्यापेक्षा मोठं आहे, आणि त्यांच्या खिडक्यांतून बाग दिसते.

मी ठरवलंय की तू ओळखलंस तर राहायचं. तुलाही ओळखू आलं नाही, तर त्यात माझं काही उरलेलं नाही असं समजून टोप्या काढायच्या. जुलैअखेर उत्तर द्यायचंय.

आई म्हणते, दवाखान्यातला तो काविळीच्या रंगाचा पडदा अजून आहे. तो आधी बदल. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी माझी हरकत नाही.

तुझी भाची

*

१९ जून

चि. भोकाडीस,
अनेक आशीर्वाद.

(माझ्या खुर्चीत बसून सगळा मजला गोळा होईपर्यंत भोकाड पसरायचीस, त्यामुळे तुझं नाव बदलणार नाही. पडदाही बदलणार नाही.)

खेळ मिळाला. आठ दिवस खेळलो. हा खेळ आहे की पाळणाघर?

पहिल्या पिढीत घरातून बाहेर पडलं की कुठे जायचं ते कोणी सांगत नसे. माणूस चुकायचा, हरायचा, पडेल चेहऱ्याने परत यायचा. आता पडद्यावर बाण. बाण सोडून दुसरीकडे वळलो, तर एक बाई येऊन प्रेमाने सांगते की बाळा, रस्ता तिकडे आहे. मी साठीचा माणूस! पूर्वी जो लढेल तो वाढायचा. आता एक जनावर झुंजतं आणि बाकीची पाच थैलीत झोपा काढून तेवढीच वाढतात. अशाने माझ्या दवाखान्यातला कंपाउंडर एव्हाना सर्जन झाला असता.

पहिल्या पिढीतला शेजारचा तो उद्धट पोरगा आठवतो? भेटेल तिथे अपमान करायचा आणि आपलं जनावर दमलेलं असतानाच नेमका आडवा यायचा. त्याला हरवायला मी सबंध उन्हाळा घालवला. त्याच्या जागी आता एक गोडबोल्या आहे. लढाईच्या आधी औषध देतो, हरला की टाळ्या वाजवतो आणि तू किती छान खेळतोस म्हणतो. त्याच्या कानाखाली वाजवायची सोय खेळात कुठे आहे ते कळव. खलनायकांचीही तीच गत. पहिल्या पिढीत सरळ चोर होते. मधल्या पिढ्यांत जग बुडवायला निघाले, तेही ठीक, काहीतरी उद्योग होता. या पिढीतल्यांना म्हणे लहानपणी कोणी समजून घेतलं नाही.

आणि दात! पहिल्या पिढीत दीडशे जनावरं होती आणि निम्म्यांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं की हे काय खातं. तिसऱ्या पिढीत सुळे आखूड झाले. पाचव्या-सहाव्यात जनावरं संपली असावीत, कारण छत्री, उशी आणि दाराची मूठ यांना डोळे चिकटवून रानात सोडली होती. आता या पिढीत तोंड म्हणून एक रेघ असते. या असल्या तोंडांवर माझ्या धंद्याने उपाशीच मरायचं.

तुझं जनावर मी चुटकीसरशी ओळखीन. ज्याला नीट दात असतील ते तुझं. तुला मी शिकवलंय.

लोभ आहेच, तो पत्रात लिहावा लागत नाही.

तुझा मामा

*

२७ जून

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पहिली पिढी मी परवा ऑफिसातल्या जुन्या यंत्रावर पुन्हा खेळले. काय ती भिकार करमणूक! अंधाऱ्या गुहेत भिंतीवर डोकं आपटत फिरायचं आणि दर चार पावलांना तेच वटवाघूळ. थैली भरली की पकडलेलं जनावर कुठे गेलं ते कळत नाही. दोन यंत्रं वायरीने जोडून जनावरांची अदलाबदल करायची, आणि कोणाचा पाय वायरीत अडकला की दोघांचीही जनावरं गडप. याला तू शिस्त म्हणतोस. आम्ही याला चूक म्हणतो आणि दुरुस्त करतो.

पहिल्या पिढीतल्या तुझ्या लाडक्या जनावराचं, त्या डोंगऱ्याचंही सांगते. आपलं जनावर पडद्यावर नेहमी पाठमोरं दिसायचं. म्हणजे ज्या दातांचं तू गेली कित्येक वर्षं कौतुक करतोस, ते झुंजीत तुला कधी दिसलेच नाहीत. तू बटाट्याच्या पोत्यासारखी एक पाठ बघत होतास. दात शत्रूला दिसायचे.

पण तुझ्या शिव्यांतल्या निम्म्या मला मान्य आहेत, म्हणून जास्त राग येतो. आमच्या समितीत सातजण बसतात आणि त्यांतल्या एकालाही चित्र काढता येत नाही. एकजण प्रत्येक जनावर बघून एवढंच विचारतो की याच्या आकाराची उशी विकता येईल का. दुसरी बाई लहान मुलांना चित्रं दाखवते आणि एकही मूल दचकलं, की दचकवणारा भाग कापते. त्या खोलीतून जनावर बाहेर येतं तेव्हा न्हाव्याच्या पोरानं पहिल्यांदाच हात चालवल्यासारखं दिसतं. मी तिथे भोकाड पसरलं नाही, याची नोंद घे.

जुलैअखेर लक्षात आहे ना? मला खरंच तुझ्या उत्तराची वाट बघायची आहे. थट्टेत विसरू नकोस.

आईचा चष्मा नवा झाला, त्यामुळे आता तिला माझ्या खोलीतली धूळ दिसते. आहे तसाच प्रेमाने चिडत राहा.

तुझी भाची

*

११ जुलै

चि. भोकाडीस,
अनेक आशीर्वाद.

ओळखलं! नदीपलीकडच्या खडकांत राहतं ते पोलादी जबड्याचं. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. समोरचे दात, सुळे, दाढा, सगळे जागच्या जागी, एकावर एक चढलेला नाही. अख्ख्या पिढीत ज्याच्यासमोर आरसा धरावासा वाटला असं एवढंच जनावर. पाठीवर थाप मारतो आहे असं समज. टोप्यावाल्यांना नकार कळवून टाक.

बाकीचा कचरा आहे तो आहेच. त्यातलं ते गादू कोणी काढलंय? पिवळट, फुगलेलं, हाडं नसल्यासारखं. तोंड उघडलं की आत नुसतं बोळकं. माझ्या थैलीत ते चुकून आलं, कारण या पिढीत जनावरं पकडावी लागत नाहीत, ती स्वतःच मागे लागतात. उशीवाल्याने याच्यावर नक्की उडी मारली असणार. ज्याने हे काढलं त्याला जनावरांच्या आसपास फिरकू देऊ नये, टोप्यांच्या खात्यात खुशाल पाठवावं.

शाबासकी आणि लोभ, दोन्ही जपून ठेव.

तुझा मामा

*

२० जुलै

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चुकलास. ते पोलादी जबड्याचं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं आहे. त्याने टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या माणसाचे दात बघून ते काढलेत. समितीला आवडले, कारण ते हसतात. तुलाही आवडले.

माझं कोणतं ते आता विचारू नकोस. मी साहेबांना होय म्हटलंय. एक तारखेपासून टोप्या.

रागावलेले नाही. फोन मात्र करू नकोस. तू बोलत राहशील आणि मला रडू येईल.

आहेस तसा राहा.

तुझी भाची

*

२४ जुलै

चि. भोकाडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतोय. टपालवाले आणि तुझी समिती एकाच शाळेत शिकलेले आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा एक पेशंट खुर्चीत होता. त्याला तोंड उघडं ठेवायला सांगून मी पत्र वाचलं आणि विसरलो. बऱ्याच वेळाने तो घशातून काहीतरी म्हणाला. त्याला उद्या यायला सांगितलं आणि दवाखाना बंद केला. जाहिरातीतले दात! जन्मभर ज्या कवळ्यांना नावं ठेवली, त्याच कवळीला मी शाबासकी दिली. माझ्यासारखा गाढव मीच.

मग खेळ काढून बसलो. एकेक जनावर पुढे घेतलं, झुंजवलं, निजवलं, खायला घातलं. या पिढीत झुंज संपली की चटई पसरून जनावरांना फळं भरवता येतात. हा चावटपणा मी आजवर एकदाही केला नव्हता. सगळी जनावरं खाताना सारखीच. जबडा वर, जबडा खाली, संपलं. सगळ्यांना एकच चावणं वाटून दिलंय, हे कोणालाही कळेल.

शेवटी राहिलं गादू. ते थैलीतून बाहेर काढायचीही मला लाज वाटत होती. त्याला फळ दिलं. त्याने ते तोंडात घेतलं, जिभेने डाव्या गालात सरकवलं, उजव्या गालावर पंजा ठेवला आणि एका बाजूने चावत बसलं. मी दुसरं फळ दिलं. पुन्हा डावीकडे. फळ मुद्दाम उजवीकडून भरवलं, तर मान वळवून डावीकडे नेलं.

तू सात वर्षांची असताना तुझी उजवी दाढ मी काढली. दोन दिवस डावीकडून चाव म्हणालो होतो, आणि तू गालावर हात धरून तशी बसायचीस. जखम भरली, नवी दाढ आली, तू मोठी झालीस, नोकरीला लागलीस. मागच्या खेपेला जेवायला आलीस तेव्हाही डावीकडूनच चावत होतीस. मी काही बोललो नाही, कारण तुझ्या आईने डोळे वटारले.

त्या सातजणांनी याचे दात काढले. दात होते, हे मला आता जबड्याच्या ठेवणीवरून दिसतं. आधी दिसलं नाही, कारण मीही त्यांच्यासारखा बाहेरूनच बघत होतो. दात काढले, हाडं काढली, रंग घालवला. पण ते कोणत्या बाजूने चावतं, हे बघायची अक्कल एकाही शहाण्याला नव्हती. तुझं जनावर जिवंत आहे, मुली. मी त्याला काय काय बोललो ते तुझ्याकडे लेखी आहे, ते फाडून टाक.

आता ऊठ आणि साहेबांच्या खोलीत जा. मामाने ओळखलं म्हणून सांग. त्यांना काही कळणार नाही, तरी सांग. टोप्या काढायला त्यांना जग पडलंय. आणि पुढच्या पिढीत समितीसमोर बसशील तेव्हा खुशाल भोकाड पसर. त्या भोकाडाची धार मला माहीत आहे. गादू थैलीतून काढून पुढे ठेवलंय. पहिलीच झुंज हरलो. या खेळात हरता येतं, हे आजच कळलं.

लोभ होता, आहे, आणि या खेपेला लिहूनही देतो.

तुझा मामा