अकराच्या खेळाची तिकिटं

२८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंदाच्या आवडत्या सिनेमांची यादी पाठवतोय. नियमाप्रमाणे प्रत्येक नावाशेजारी फाडलेलं तिकीट डिंकाने चिकटवलंय. लहानपणी तू न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट रंगवून सांगितलीस आणि मी वर्गात तोंडघशी पडलो, तेव्हापासूनचा हा पुरावा. पन्नाशीतही तुझ्यावर माझा विश्वास नाही!

वर्ष वाईटच गेलं, पण सिनेमे बरे निघाले. पाचवा दीपगृहाच्या राखणदाराचा. अडीच तास तो माणूस बोलत नाही आणि आपल्याला उठावंसं वाटत नाही. चौथा दोन बहिणींच्या बेकरीचा. त्यातली थोरली हुबेहूब तू, पीठ मळते की कुणाचा गळा आवळते कळत नाही. मधले दोन यादीत वाच. पहिला मात्र म्हाताऱ्या पोहणारीचा. शेवटी ती काठी टाकून पाण्यात उतरते. मी रडलो, लिहून ठेव.

आईचा खुबा कसा आहे? ऑपरेशनला आलो नाही याची चुटपुट अजून आहे, पण साहेबाने रजाच दिली नाही. तुझी यादी धाड. लोभ आहेच, माझी यादी वाचूनही राहो.

तुझा,
गुंड्या


३ जानेवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद द्यायची इच्छा नाही. हाताला सवय आहे म्हणून अ. उ. आ.

फोनच केला असता, पण आई पलीकडच्या खोलीत आहे आणि मी जे बोलणार ते तिच्या कानावर जायला नको. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते. तुझ्या पहिल्या नंबराच्या तिकिटावरची तारीख मला भिंगाशिवाय दिसली. नऊ एप्रिल, सकाळी अकरा. त्याच दिवशी, त्याच वेळी आईला ऑपरेशनला आत नेलं. मी तिची कवळी रुमालात बांधून बाहेरच्या बाकावर बसले होते. सही करायला मी, रक्ताच्या बाटलीसाठी धावायला मी. आणि तू कुठल्यातरी म्हातारीला पोहताना बघून रडत होतास! लाज कशी वाटली नाही?

मग बाकीची तिकिटं पाहिली. सगळी अकराची, सगळी कामाच्या वारांची. सिनेमाला बरी रजा मिळते! आत जाताना आईने विचारलं, गुंड्या आला का. मी सांगितलं, रजा नाही मिळाली. ती म्हणाली, कामाचा माणूस आहे, सोडत नसतील. तुझं खोटं माझ्या तोंडून वदवलंस आणि वर तिला त्याचा अभिमान.

माझी यादी हवी ना? कोरा कागद जोडलाय. एप्रिलपासून मी थिएटरची पायरी चढलेली नाही, आणि त्याआधीचं काही आठवत नाही.

लोभ आटला आहे, कळावे.
ताई


८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

बोलणी पोचली. आता माझंही ऐक, राग मलाही येतो.

रजा द्यायला साहेबच उरलेला नाही. मार्चमध्ये आम्हा चौदा नकाशेवाल्यांना एका सकाळी बोलावून टेबलं रिकामी करायला सांगितलं. सव्वीस वर्षं लोकांची घरं आखली, निरोप पाच मिनिटांत दिला. घरी बोललो नाही. रोज डबा घेऊन निघतो, अकराच्या खेळाला बसतो आणि अंधारात डबा खातो. तिथे कुणी विचारत नाही, काय चाललंय म्हणून.

नऊ एप्रिलला बॅग घेऊन स्टेशनवर गेलो होतो. पाय उचलेना. आई डोळे उघडल्याबरोबर विचारणार, ऑफिस कसंय. तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. गाडी गेली, समोर थिएटर होतं.

आणि तू! दर आठवड्याला फोनवर औषधांची नावं ऐकवतेस. गुंड्या, तू कसा आहेस, असं एकदा तरी विचारलंस? बायकोला परवा सांगितलं, तेव्हापासून तिचा अबोला आहे. तूही धर हवा तर. पण आईला सांगू नकोस, तेवढा लोभ असू दे.

गुंड्या


१२ जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझी नोकरी गेली याचं वाईट वाटलं. पुष्कळ वाटलं. विचारलं नाही ही माझी चूक, कबूल. झालं? आता ऐक. दहा महिने एक धडधाकट माणूस रिकामा होता, आणि मी एकटी आईला उचलून खुर्चीवर बसवत होते! माझ्या पाठीचे बारा वाजले. नोकरी जाण्यात तुझा दोष नाही. यात आहे, आणि तो मी माफ केलेला नाही.

आईला मी काही सांगणार नाही. तू सांगशील. सोमवारी ये. खालच्या शिंप्याची बायको तू येईपर्यंत आईजवळ बसेल. मी घरी नसेन. दारात तू दिसलास तर मी एकतर रडेन नाहीतर एक ठेवून देईन, आणि मला अकराचा खेळ गाठायचाय.

लोभाचं आल्यावर बघू.
ताई


सोमवार, टेबलावर

ती. ताईस,
नमस्कार.

तू येशील तेव्हा मी आईला गॅलरीत चालवत असेन. समोरासमोर बोलायची हिंमत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आईला सगळं सांगितलं, मार्चपासूनचं. सांगून मान खाली घालून बसलो. वाटलं, रडेल, निदान त्या लोकांना शिव्या तरी घालेल. तिने माझा हात धरला आणि विचारलं, म्हणजे आता तुला रजा मागावी लागणार नाही ना? मी नाही म्हटलं. तर खूश झाली गं! म्हणाली, मग राहा.

एवढंच ऐकायला मी दहा महिने लावले.

लोभ मागायला तोंड नाही.
गुंड्या