आधी गाठ, मग चहा

३ एप्रिल

झाड — गुलमोहर, अंबरनाथ पूर्व, सोसायटीच्या गेटजवळ. उंची तीस फूट. दोरी — निळी, नवीन. चढलो सव्वाआठला, उतरलो अकराला. दोरीला ओरखडा नाही.

झालं, वहीचं काम संपलं. प्राची मॅडमनी ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, दोरीची वही ठेवा, कोणती दोरी कुठे किती चढली ते लिहा. सहा वर्षं लिहितोय. पण माझं हे असं — दोन ओळी दोरीच्या आणि बाकी पानभर बडबड! माया म्हणते, "ही दोरीची वही आहे की सासरहून माहेरी लिहिलेलं पत्र?" बायको अशी मिळाली हेही एक नशीबच म्हणायचं.

गुलमोहराचा भरवसा नाही. वरून हिरवागार आणि आतून भुसा. मधुने हातोडीने खोड चारी बाजूंनी वाजवून पाहिलं, मग वाळूच्या पिशवीला बारीक दोरी बांधून ती पहिल्याच फेकीत बरोबर बेचक्यातून पार केली. मधु माझा खालचा माणूस. मी वर, तो खाली. कापलेली फांदी दोरीने हळूहळू जमिनीवर आणणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणं, वर करवत पाठवणं, सगळं त्याच्याकडे. दहा वर्षं झाली. तोही चढायला शिकलाय, लहानसहान झाडं करतो. मोठी माझी.

गाठ बांधून टपरीवर गेलो. चहा पिऊन आलो, चढलो. मधु नेहमीसारखा मागेच रेंगाळला. त्याचा ग्लास भरून ठेवलेला, वर साय धरली. ओरडलो त्याला. म्हणाला, "मना थंडच चालतं, दादा."

६ एप्रिल

झाड नाही आज.

सकाळी शर्टाचं बटण लागेना. उजव्या हाताची बोटं — अंगठा आणि शेजारची दोन — मुंग्या आल्यासारखी. दिवाळीपासून आहे हे. आधी कटर मशीन चालवल्यावर तासभर असायचं, आता सकाळी उठल्यापासून. बटण दिसतंय, बोटात आहे, पण आहे हे बोटाला कळत नाही! शेवटी टी-शर्ट घातला.

मायाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की बंद. एकोणीस वर्षं झाडावर आहे मी. खाली उभा राहून काय करू?

रेन ट्रीचं काम झालं की बघू. तोपर्यंत गप्प.

७ एप्रिल

रेन ट्री म्हणजे हरेशशेठचा. सिंधी वस्तीतल्या कॅम्प एकमध्ये त्यांचं पापडाचं दुकान, मागे घर, आणि घरावर हे एवढं छत्र! साठ फूट तरी असेल. एक जाडजूड फांदी मागच्या वर्षीच्या वाऱ्यात चिरली आहे आणि बरोबर शेजारच्या तीन घरांच्या पत्र्यांवर वाकलेली. पालिकेची परवानगी छाटणीची आली आहे, तोडायची नाही. शेठही म्हणाले, "महेंद्रभाई, मेरे बाबा ने लगाया है. पेड को भी संभालो, पत्रा भी संभालो."

मला असं गिऱ्हाईक आवडतं. बाकीचे म्हणतात, "सफाचट कर दो." 

९ एप्रिल

दोन नारळ, हेंद्रेपाडा, घराच्या मागेच. दोरी पिवळी. एका नारळाच्या शेंड्यात खारीचं घर होतं, ते तसंच ठेवलं. नारळवाल्या आजींनी चार शहाळी दिली. गोड!

१४ एप्रिल

जयंती. सुट्टी. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. पोरांनी हाक मारली, "महेंद्रदादा, दिव्यांची माळ वर बांधून द्या ना." शिडीवर चढलो, माळ बांधली. साधी गाठ. सुटली आणि माळ खाली आली. सगळे हसले, मीही हसलो.

घरी येऊन बराच वेळ हाताकडे बघत बसलो. मग स्वतःलाच म्हटलं, वायर गुळगुळीत असते, दोरीसारखी धरत नाही.

१७ एप्रिल

झाड — जांभूळ, बदलापूर पश्चिम. दोरी निळी. तीन तास.

माझ्या गाठीबद्दल इथे लिहूनच ठेवतो एकदा. लटकलेल्या दोरीवर दोरीच्याच शेपटाचे चार वेढे घ्यायचे. हाताने ढकललं की गाठ वर सरकते, वजन पडलं की जागच्या जागी आवळते. चढणारा माणूस म्हणजे त्या चार वेढ्यांवर टांगलेला जीव. तीन झाले तर गाठ धरत नाही — सुळकन खाली. चार म्हणजे चार.

मी ती न बघता बांधतो. अंगठ्याने मोजत, बोलता बोलता. ट्रेनिंगला प्राची मॅडम बघतच राहिल्या होत्या. म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा, पण डोळ्यांनीही बघत जा." हात चांगला आहे एवढंच मी लक्षात ठेवलं!

जानेवारीत एका बंगल्यावर मधु मालकासमोर म्हणाला, "दादा, गाठ परत एकदा बघू का?" असा भडकलो! "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून बांधतोय" असं काहीतरी बोललो. त्याचा जन्म होऊन बत्तीस वर्षं झाली आणि मी चढतोय एकोणीस, पण रागात हिशेब कुठला. तेव्हापासून पुन्हा कधी विचारलं नाही त्याने. तोंडावर ताबा नाही माझा. माफी मागायची राहून गेली.

२३ एप्रिल

मधुला नवं खूळ लागलंय. मी चहा पिऊन परत येतो तर हा दोरीजवळ उभा राहून फोनने फोटो काढतोय! "रील बनवतोस काय रे?" विचारलं तर लाजला आणि फोन खिशात घातला. बरं आहे, कोणीतरी आमचं नाव करील.

झाड — आंबा. दोरी पिवळी. काही घोळ नाही.

२ मे

मधुला घेऊन बारवी धरणाच्या पलीकडे सोमाकाकांकडे गेलो. दरवर्षी मोठ्या कामाआधी जातो. मला झाडावर पहिल्यांदा चढवलं ते काकांनी. तेव्हा ना हार्नेस ना हेल्मेट — पायात काथ्याचा फास, कमरेला कोयता, एवढंच. माझे वडील कारखान्यातले, मला चिकटवायला कारखाना उरला नव्हता. काकांनी ना जात विचारली ना गाव. "चरशील का?" एवढंच विचारलं. चढशील का, म्हणजे. त्यांच्या बोलीत झाडाचं झार होतं. आज माझ्या घरी दोन वेळा चूल पेटते ती त्या एका प्रश्नामुळे. हे त्यांना तोंडावर सांगता येत नाही, म्हणून दरवर्षी एक किलो पेढे नेतो.

काका आता ओटीवर बसून असतात. नियम तेवढा विचारतात. "आधी गाठ, मंग च्या, मंगच झार. करतंस ना?"

म्हटलं, "एक दिवस चुकवला नाही, काका."

"आन च्या कशापायी, ठावं हाय?"

"अंगात ऊब यायला. हात मोकळे व्हायला."

काका बोळक्या तोंडाने खूप वेळ हसले. मधु पेढ्यांचा खोका उघडत होता, त्याच्याकडे बोट केलं. "याला इचार. याला ठावं हाय."

मधु खाली मान घालून खोक्याची सुतळी सोडत बसला. परत येताना विचारायचं विसरलो.

१० मे

परवा रेन ट्री. आज सगळं सामान अंगणात पसरून तपासलं. दोऱ्या हातातून फूट फूट सरकवल्या, कुठे चपटी, कुठे उसवलेली नाही ना म्हणून. बोटाला कळत नाही, तेव्हा गालावरून सरकवली! माया दारातून बघत होती. मग आत गेली.

तिला कळलंय बहुतेक.

१२ मे

झाड — रेन ट्री, कॅम्प एक. दोरी निळी. चढलो साडेआठला, उतरलो दीडला.

जिवंत आहे.

सुरुवातीपासून लिहितो. आठला गाठ बांधली. हरेशशेठनी दुकानातच चहा पाजला, वर दाल-पकवान. "पहले पेट, फिर पेड." मधु आला नाही, त्याचा चहा थंड. मग चढलो. साल सोलली जाऊ नये म्हणून दोरी पाईपमधून घेतली होती. झाड म्हणजे झाड! आत शिरलो की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्नही लांबचे वाटतात.

चिरलेली फांदी पाच तुकड्यांत काढायची होती. प्रत्येक वेळी आधी खालून अर्धा काप, मग वरून, म्हणजे फांदी खोडाची साल ओरबाडून नेत नाही. चार तुकडे मधुने दोरीवर असे उतरवले की पत्र्यावर पान पडलं नाही.

पाचवा सगळ्यात जाड. कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं — एक मुख्य दोरी, एक कमरेचा आखूड पट्टा. काप झाला, मशीन बंद केलं, जागा बदलायला आखूड पट्टा सोडला. तेवढ्यात दोरीवर लटकलेला तो ओंडका भेलकांडत परत आला आणि मी उभा होतो त्या फांदीवर आदळला. पाय सुटले!

चाळीस फुटांवर होतो. हाताने काही पकडायला गेलो, बोटांनी धरलंच नाही. हातभर खाली गेलो असेन — आणि गच्च! गाठीने धरलं. हवेत लटकून स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. एक कावळा अगदी नाकासमोरून गेला.

खाली बघतो तर मधु मटकन जमिनीवर बसलेला. ओंडक्याची दोरी हातातून सोडली नव्हती पठ्ठ्याने, पण रडत होता. मी वरून हसलो. "अरे लटकलोय मी आणि रडतोयस तू!" 

उतरल्यावर झाडाला हात जोडले. सोमाकाकांना फोन लावला, नुसतंच "काका, काम झालं" म्हटलं. ही दोरी घ्यायला लावणाऱ्या प्राची मॅडमना मेसेज केला. आणि या हाताला मानलं. बटण लागत नाही म्हणे! पण गाठ कशी बांधली ते बघा.

मधु काही न खाताच घरी गेला. शेठनी त्याचं दाल-पकवान बांधून दिलं होतं, ते माझ्याच पिशवीत राहिलं.

१३ मे

दिवसभर झोपलो. मायाने उठवलं नाही.

१४ मे

मायाला सगळं सांगितलं. पडलो ते, बोटांचं, दिवाळीपासूनचं. ती रागावेल म्हणून वाट बघत होतो. ती म्हणाली, "ताटात भात सांडत होतास तेव्हापासून माहीत आहे मला. तू सांगशील म्हणून थांबले होते." मग रागावली. व्यवस्थित रागावली!

१८ मे

डॉक्टर. सुया टोचून बघितलं, तारा लावून बघितलं. वर्षानुवर्षं मशीनच्या थरथरीने नसा मेल्यासारख्या झाल्यात. मशीन कायमचं बंद. चढणं बंद. जाणीव थोडीफार परत येईल, पूर्ण येईल असं सांगता येत नाही.

मायाने रिक्षात माझा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. मला तिचा हात फक्त गरम लागत होता.

२० मे

मधुला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, दादा." मला लागलं ते. मग वाटलं, बारा तारखेला खालून त्याने जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही.

आज जुन्या वह्या काढून चाळल्या. शेकड्यांनी झाडं. चिंचा, आंबे, नारळ, वड, विजेच्या तारेत अडकलेली, विहिरीवर वाकलेली. कितीजणांनी पाणी दिलं, जेवू घातलं, कोणी मुलगा पास झाल्याचे पेढे झाडावर पाठवले करवतीच्या दोरीला बांधून! रडू आलं. वाईट वाटून नाही, भरून आलं. एका माणसाला एवढं मिळू नये खरं तर.

आणि एक गोष्ट छाती ठोकून लिहितो. हात गेला तो गेला. पण एकोणीस वर्षांत गाठ एकदाही चुकली नाही.

२३ मे

हरेशशेठना पालिकेत द्यायला झाडाचे आधीचे आणि नंतरचे फोटो हवे होते. मधु टेम्पो चालवत होता, त्याचा फोन माझ्या हातात. "थांबा दादा, मी काढून देतो —" म्हणेपर्यंत मी उघडला होता.

झाडाचे फोटो चार. बाकी सगळे माझ्या गाठीचे. दोन-दोन. पहिल्यात वेढे तीन, दुसऱ्यात चार. जानेवारीपासून एकतीस वेळा. बारा मेचेही आहेत. आठ वाजून दहा मिनिटं — तीन. आठ चौदा — चार.

मधुने टेम्पो कडेला घेतला. "तुमाला कधीतरी दाखवीन म्हणून काढत होतो. पण तुमी... मग तुमी च्या प्यायला गेलात की मीच बांधायचो. च्या पिऊन परत गाठ बघायची, काकांनी त्याच्यासाठीच तर सांगितलाय च्या."

उद्या कॅम्प तीनमधलं बदामाचं झाड. मधु चढणार. गाठ बांधून झाली की त्याला एकट्याला टपरीवर पाठवणार आहे, मी दोरीजवळ थांबेन. माझा चहा थंड झाला तरी चालेल.