धोंड्याचं जेवण

१७ मे, रविवार

आजपासून धोंड्याचा महिना लागला आणि सकाळी आठलाच अंगदचा फोन! "आई, यंदा जावयाला बोलवताय का न्हाई?" जावई म्हणे! माझी अर्पिता जाऊन दोन वर्षं होतील आता. यानं वर्षाच्या आत दुसरी करून आणली. तरी हा माझा जावईच.

मग स्वतःच म्हणाला, घरी नको, तुमच्या घरी सगळे तोंड पाडून बसतात. भोकरदन रोडला 'सासुरवाडी' नावाचं नवं हॉटेल झालंय, तिथं जावयाचे लई लाड करतात. तिथंच धोंडे खाऊ घाला. "पिऊला बी आणतो."

पिऊला आणतो — पुढचं काही मला ऐकू आलं नाही. पिऊ म्हणजे अर्पिताची पोर, चार वर्षांची. संक्रांतीनंतर पाहिली नाही. "नातं नीट ठेवलं तं पोरगी दिसंल," हे त्यानं मागंच सांगून ठेवलंय.

यांना सांगितलं. हे नुसते "हं" म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. पाणी दाखवून झालं होतं.

१९ मे, मंगळवार

अनारशाचं पीठ भिजत घातलंय. हॉटेलात सगळं मिळतं म्हणे, पण तेहतीस अनारसे मी घरचेच नेणार. ज्याला हाक मारायची नाही त्याच्यासाठी तांदूळ भिजवतेय. मी अंगणवाडीत पोरांना सांगते खोटं बोलू नये. वा बाई!

त्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव दैवशाला. अंकुशनगरकडची. बाप कारखान्यावर, आई लहानपणीच गेली. आपल्यात पद्धत आहे — पहिली गेली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि पहिलीच्या आईबापानं दुसरीला लेक म्हणून ओटीत घ्यायचं. लग्नानंतर निरोप आला होता ओटी भरायला या म्हणून. मी गेले नाही. तिला आई नाही, मला लेक नाही, लोकांना वाटतं झाली बेरीज. अशी बेरीज होत नसते.

अर्पिता जालन्याच्या घरात हौदात सापडली. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं तिथं, म्हणून घरोघरी जमिनीत हौद. पाय घसरला, असं कागदावर लिहिलंय. कागदावर मीही रोज बरंच काही लिहिते. पोरांची वजनं सुद्धा.

२४ मे, रविवार

जाऊन आलो. अंग ठेचून निघाल्यासारखं झालंय, पण लिहून काढते.

ते हॉटेल म्हणजे एक सोंगच! पत्र्याच्या मोठ्या शेडखाली मातीचा रंग दिलेल्या सिमेंटच्या भिंती, कंदिलात विजेचा दिवा, एक जातं, दोन बाजा, वर टांगलेली कणसं. वाढपी धोतर-पागोट्यात, वाढणाऱ्या पोरी परकर-पोलक्यात. त्या म्हणे मेव्हण्या! सगळ्यांत थोरली एक बेबीनंदा म्हणून बाई, ती आत्याबाई. काम एकच — आलेल्या जावयाची टर उडवायची. दारातच तिनं अंगदच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. "आलं का जावईबापू! सांगावा धाडल्याबिगर पाय वळंना व्हय सासुरवाडीकडं?" यांच्याकडं वळून म्हणाली, "आन् मामंजी, तुमचं तोंड असं का? लेक दिऊन पस्तावले का काय?"

सगळे हसले. हे पण हसले! दोन वर्षांत पहिल्यांदा यांचे दात पाहिले मी, आणि ते असे. तिचा काय दोष, तिला पगारच त्याचा. पण मला पळून जावंसं वाटलं.

पिऊ उंच झालीय. मी हात पसरले तर दैवशालेच्या मागं लपली. "मम्मी, ही कोण?" दैवशाला म्हणाली, "आज्जी हाय ना बाळा तुझी. खरी आज्जी." मग पिऊ तिच्याच मांडीवर बसून जेवली. ती पोरीला घास बारीक करून भरवत होती, पुरणातली इलायचीची सालं वेचून काढत होती. स्वतः जेवली का ते मी पाहिलंच नाही. मला तिचा राग करायचा होता आणि ती तसं काही करू देईना.

अंगद मात्र जेवला! धोंड्यावर तूप, परत तूप. मेव्हण्या म्हणाल्या, "जावईबापू, तूप संपलं तं म्हैस सोडावी लागंल!" तो खूश. मी अनारशाचं ताट त्याच्यापुढं ठेवलं, वर दिवा लावला, हात जोडले. जोडले मी हात.

जेवणं झाल्यावर बायकांना बांगड्या भरायची तिथं हौस. बेबीनंदा हिरव्या बांगड्यांचा जुडगा घेऊन दैवशालेजवळ बसली. दुसरीच बांगडी चढवताना ती पोरगी किंचाळली. बेबीनंदानं बाही वर केली. मनगट हे एवढं सुजलेलं, वर निळे-पिवळे डाग. बेबीनंदा आपली बोलायच्या भरात — "अगं बया, मनगट हाय का रताळं! कुणी पिळला गं हात? जावईबापूंनीच का? लईच जीव दिसतो बायकूवर!"

सगळी ओसरी हसली. अंगद सगळ्यांत मोठ्यांदा.

दैवशाला म्हणाली, "हौदातून बादली काढताना मुरगळला."

यांनी हातातला विडा तसाच ताटात ठेवला.

निघताना अंगदचे बूट गायब. मेव्हण्यांनी लपवलेले. "उखाणा घ्या, मंग बूट!" तो आधी हसला. मग म्हणाला, बास झालं, आणा. त्या काही ऐकेनात. त्याचा खालचा ओठ आत गेला. आवाज चढला — "आणा म्हणलं ना!" तेवढ्यात पिऊ उठली आणि बाजेखाली जाऊन बसली. गुडघे पोटाशी घेऊन, अगदी मुकाट. बेबीनंदा म्हणाली, "अगं, लपाछपी खेळायली का?" पण पोरगी खेळत नव्हती. मला कळलं. अंगणवाडीत वीस वर्षं पोरं सांभाळतेय मी, खेळणारं पोर लपताना हसतं.

माणसं बघायला लागली तसा अंगद सावरला आणि त्यानं उखाणा घेतला —

"तेहतीस अनारशांचं ताट, वर तुळशीचं पान,
दैवशालाचं नाव घेतो, ठेवून सासूबाईंचा मान."

टाळ्या! तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्यात आमच्या अंगणात हाच उखाणा घेतला होता त्यानं. हेच ताट, हेच पान, हाच मान. फक्त नाव अर्पिताचं होतं.

बूट देताना बेबीनंदा म्हणाली, "रागावू नगा पाव्हणं. चपला कामून लपिवत्यात? माणूस जाऊ ने, राहावा म्हणून!"

गाडीत बसताना पिऊनं मला टाटा केला नाही.

२५ मे, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. टाळली.

मी हात धुवायला मागं गेले तेव्हा बेबीनंदा आली. ते सोंग, तो आवाज सगळं उतरवून. म्हणाली, "मावशी, मी थट्टा करून बसले, चुकलं माझं. पण त्यो हात बादलीनं सुजलेला न्हाई. बोटांचे वळ हायेत. मी बी भोगलंय, मला कळतंय. तुमची लेक हाय ना ती? आजच घरी न्या."

मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "न्हाई. माझी लेक न्हाई ती."

आणि पदराला हात पुसून बाहेर आले.

२८ मे, गुरुवार

पिऊनं उष्टा टाकलेला अर्धा अनारसा पदरात बांधून आणला होता. तो ठेवलाय त्या डब्याला मुंग्या लागल्यात. टाकवत नाही.

२ जून, मंगळवार

आज अर्पिताला जाऊन दोन वर्षं झाली. देवळात जाऊन रेणुकाईसमोर बसले, पण मागितलं काही नाही. मागायला तोंड पाहिजे.

आज लिहायचंच. ही वही कोणी वाचत नाही, मग भ्यायचं कोणाला?

त्या वर्षी मे महिन्याच्या बारा तारखेला ती आली होती. न कळवता, दुपारच्या एसटीनं, कडेवर पिऊ आणि हातात एकच पिशवी. म्हणाली, "आई, दोन दिवस राहू दे." एवढ्या उन्हाळ्यात तिनं लांब बाह्यांचं झंपर घातलं होतं. मी पाहिलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि तिनं सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. खरं कारण हे आहे. बाकी सगळी सारवासारव.

रात्री ती माझ्याजवळ सरकून झोपली, सातवीत असताना झोपायची तशी. दुसऱ्या दिवशी अंगदचा फोन आला, गोड बोलला. हे म्हणाले, लेकीचं घर मोडू नये, होतं कुठं कुठं असं. मीही म्हणाले, भांड्याला भांडं लागतंच. गावात मला लोक बाई म्हणतात, चार बायका सल्ला विचारायला येतात, माझीच लेक घरी बसली तर काय तोंड दाखवू! हेच होतं माझ्या डोक्यात. पोरीचं मनगट नव्हतं, माझं तोंड होतं.

चौदा तारखेला सकाळी तिची पिशवी भरली. शेंगदाणे दिले, तिखट दिलं, नवी साडी दिली. ती चुलीपाशी बसूनच राहिली. उठेना. "आई, अजून एक दिवस." मी उठले आणि तिच्या चपला दारात नेऊन सरळ मांडल्या. तोंड बाहेरच्या बाजूला. ती त्या चपलांकडं बघत राहिली. मग पाय घातले.

एकोणीस दिवसांनी हौद.

अंगदनं काय केलं ते देवाला माहीत आणि त्याला. मी काय केलं ते मला माहीत आहे.

६ जून, शनिवार

दुपारी दोनला दैवशालेच्या नंबरवरून फोन. उचलला. कोणी बोललं नाही. नुसता श्वास, आणि मागं कुठंतरी पिऊचं रडणं. "कोण? दैवशाला का?" कट झाला.

परत लावावा की नाही? लावला आणि त्यानं उचलला तर? पिऊ कायमची तुटेल. नाही लावला तर? हे म्हणाले, "राहू दे, आपल्याला काय करायचं?" मी म्हणाले, "तेव्हाही हेच म्हणाला होतात तुम्ही!" माझा आवाज इतका चढला की शेजारी बाहेर आले. यांच्या डोळ्यातून पाणी आलं. म्हातारे दिसतात आता. मी कशी दिसते कोण जाणे.

७ जून, रविवार

लावलाच. अंगदनं उचलला. "चुकून लागला आसंल आई." मी म्हणाले, "तिचा हात कसाय?" तो सावकाश म्हणाला, "कोन्ता हात?"

मी ठेवून दिला. विचारायला नको होतं का? याचे भोग आता तिला. पण यावेळी विचारलं तरी.

९ जून, मंगळवार

अंगणवाडीचं रजिस्टर चुकलं. दोनदा खोडलं. झोप नाही.

११ जून, गुरुवार

लेक आली.

नऊच्या एसटीनं, एकटी. हात ओढणीत बांधलेला, ओठ फुटलेला. पिऊला आणू दिलं नाही, अंगदच्या आईनं तिला आत घेऊन कडी लावली. दारातच उभी राहिली. "आई, दोन दिस राहू का?"

मी तिला हाताला धरून आत घेतलं. चांगल्या हाताला.

अकराला अंगदचा फोन. "सांजच्याला वापस पाठवा. न्हाई तं पिऊचं तोंड दिसणार न्हाई, सांगून ठिवतो." पिऊ, बाळा, मला माफ कर.

बाहेर येऊन बघते तर यांनी जुन्या सवयीनं दैवशालेच्या चपला दारात सरळ मांडलेल्या, तोंड बाहेर करून. मी उचलल्या. कोठीचं झाकण काढलं आणि ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून खोल पुरल्या.

मग त्याला फोन लावला. म्हणाले, तिच्या चपला सापडत नाहीत.