मार्चच्या आधी, घरोघरी

आई, आज सकाळी मागच्या काटेरी झाडांवर पांढरी फुलं आली. तेवढंच तुला सांगायला बसले, आणि आता कळतंय की त्यासाठी बरंच मागून सुरुवात करावी लागणार. तू गेलीस तेव्हा मी पुण्यात होते. आयर्लंड नकाशात कुठे आहे हेसुद्धा आपण दोघींनी कधी शोधलं नव्हतं. आता मी नावनला राहते, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करते. आमच्या वसाहतीमागे शेताच्या बांधावर जुन्या काटेरी झाडांचं जिवंत कुंपण आहे, इथे त्याला हेज म्हणतात. मागच्या वर्षी साथीमुळे घरापासून फार लांब जायचं नाही असा नियम झाला, तेव्हा अख्खी वसाहत त्या हेजच्या कडेने चालायला लागली. वर्षानुवर्षं शेजारी राहून ओळख नसलेली माणसं लांबून हात हलवू लागली. मीही.

मग यंदा जानेवारीत कळलं, शेतात नवी घरं होणार आणि हेज काढून तिथे भिंत येणार. मार्चपासून पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा हेज तोडायला बंदी; म्हणून फेब्रुवारीतच काम उरकायचं ठरलं होतं. त्याआधी वसाहतीची ऑनलाइन सभा होती. मोजकीच डोकी आली असती तर घरं बांधणाऱ्यांनी आमचं कशाला ऐकलं असतं? कोणीतरी घरोघरी जाऊन सांगायला हवं, असं सगळे म्हणाले आणि गप्प बसले. "मी जाते," म्हणाले मी, आणि माझी मीच चपापले.

मला आपल्या नागपूरच्या कॉलनीतला तो उन्हाळा आठवत होता. रस्ता रुंद करण्यासाठी कडुनिंबांची रांग तोडायची ठरली होती. शाळेत शिकवून आलीस की पोळ्या करून, डबा झाकून, तू चपला सरकवायचीस. मी नववीत, तुझ्यामागे. पहिल्याच दारात मी घाईघाईने म्हणते, "काकू, उद्या सकाळी झाडांपाशी यायचंय हं, नक्की." फाटकाबाहेर आल्यावर तू माझा दंड धरतेस. "काय करून राहिली तू? त्यांच्या सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचं विचारलंस का? अगं, आपण मागायला आलोय, वसुलीला नाही." मी फुरंगटून पुढच्या घरापर्यंत तुझ्याशी बोलत नाही. तू मात्र पुढच्या घरात लोणच्याच्या कैऱ्यांपासून सुरुवात करतेस, आणि झाडांचा विषय त्या बाईच स्वतःहून काढतात.

इथे कोपऱ्यातल्या घरात एक म्हातारा राहतो. मी मास्क लावून फाटकाबाहेर उभी, तो दारात. "हेज गेलं तर बरंच," तो म्हणाला. "पोरं तिथे बसून दारू पितात. आणि तुला काय पडलंय गं? तू तर इथली नाहीस." माझे कान तापले. इथे कर भरते, माझी मुलगी इथेच जन्मली, सगळं जिभेवर तयार होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्ही कसे आहात?" म्हटलं. "ग्रँड," तो म्हणाला. इथे घर जळत असलं तरी माणूस ग्रँडच असतो. मी तशीच उभी राहिले. मग तो म्हणाला, "बायको हॉस्पिटलात आहे, नाताळपासून. भेटायला सोडत नाहीत. नर्स तिच्या कानाशी फोन धरते, मी बोलतो." हेजबद्दल मी अक्षर काढलं नाही. पुढे कामावरून परतताना त्याच्या फाटकाशी थांबायचे, बायकोची चौकशी करायचे आणि घरी यायचे.

सभेला तो आला, आई. कॅमेरा जमत नसल्यामुळे पडद्यावर त्याचं नुसतं कपाळ. "माझी बायको दर हिवाळ्याआधी हेजमधली आंबट फळं वेचून बाटल्या भरते," तो म्हणाला. "घरी आल्यावर तिने विचारलं, हेज कुठंय, तर मी काय सांगू?" सभेनंतर वसाहतीची बांधणाऱ्यांशी बोलणी झाली. रस्त्याकडचा तुकडा गेला, मशीनने उपटला तेव्हा मी तिथे उभी होते. बाकीचं हेज राहिलं. त्याची बायको मात्र घरी आली नाही.

आपले कडुनिंब एकूण एक गेले होते. तरी दुसऱ्या संध्याकाळी तू त्याच घरांत पुन्हा निघालीस, आलात म्हणून बरं वाटलं एवढं सांगायला. बाबा म्हणाले, "आता कशाला?" तू म्हणालीस, "झाडं गेली. माणसं आहेत ना अजून." मीही मार्चमध्ये सगळ्या घरांपुढे जाऊन आले. कोपऱ्यावरचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तो बाहेर येऊन फाटकाला टेकला. म्हणाला, "हे असं दारोदार जाणं तुला कोणी शिकवलं?"

"आईने."

"येते का ती इकडे, तुला भेटायला?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही. मी त्याला म्हणाले, "विमानं सुरळीत झाली की येईल." आणि म्हणताना मला ते जराही खोटं वाटलं नाही.