छापील किमतीची डिस्क

लोणंद,
गुरुवार, बाजाराचा दिवस

तीर्थस्वरूप सुभेदार मामांना नानासोचा वाकून नमस्कार आणि ताठ उभं राहून सॅल्यूट. (दोन्ही एकदम कसं करायचं ते मला लग्नापासून जमलेलं नाही, तेव्हा आधी वाकलो असं समजावं.) आपली गुडघेदुखी कशी आहे? मामींचा खोकला हटला का? क्रांतीलाही मी विचारलंय म्हणून सांगा. ती उलट विचारणार नाही, म्हणून मीच सांगून टाकतो, माझी तब्येत ठीक आहे. भात रोज खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, पण तब्येत ठीक आहे.

हे सगळं फोनवर बोललो असतो. पण आपण फोन उचलून "बोल" एवढंच म्हणता आणि माझं सगळं बोलणं पळून जातं. म्हणून लिहितो आहे. पत्र तासगावच्या यष्टीच्या कंडक्टरकडे देईन, कारण टपालाने ते रविवारच्या आत पोचायचं नाही आणि रविवारी तर आपण टेम्पो घेऊन येणार. मामा, खरं सांगतो, रस्त्यावरनं कुठलाही टेम्पो गेला तरी मी दुकानाबाहेर जाऊन नंबर बघून येतो.

भांडणाची क्रांतीची बाजू आपण ऐकलीच असेल. (पंच म्हणून आपण दोन्ही बाजू ऐकणार असं म्हणाला होतात, पण दुसरी बाजू ऐकायच्या आधीच टेम्पो ठरवलात.) माझ्या दुकानाचा स्टँडकडे तोंड असलेला कोपरा मी तिला शिलाई मशीनसाठी कबूल केला होता, हे खरं. तिने त्या कोपऱ्याला पोपटी कापडाचा, लाल ठिपक्यांचा पडदा शिवला, उरलेल्या तुकड्यांच्या बारक्या पिशव्याही शिवल्या, हेही खरं. आणि ऐन वेळी मी तिथे मोठा टीव्ही आणि ब्लू-रेचं मशीन आणून बसवलं, हे तर दुकानात शिरणाऱ्या कुणालाही दिसतंच. पण मी तरी काय करणार? डीव्हीडी भाड्याने नेणारी पोरं आता मोबाईलच्या कार्डात सिनेमे भरून घेतात. साताऱ्याचा डीलर म्हणाला, नवीन डिस्कचं चित्र इतकं साफ असतं की लोक घरादारासकट विकत घ्यायला येतील. मी भुललो. दहा डिस्का आणल्या. क्रांतीने त्यातली एक उलटी करून मागची किंमत वाचली, पदराने डोळे पुसून परत वाचली आणि म्हणाली, "आवं, ह्या छापील किमतीला ह्यातली एक जरी इकली तरी मी हरले. परत कोपऱ्याचं नाव काढणार न्हाई. आन न्हाई इकली तर रविवारी मशीन जाईल तासगावला, आन मीबी तितंच ऱ्हाईन." आणि त्याच दिवशी ती आपल्याकडे निघून आली.

किंमत मी इथे लिहीत नाही. आपण बीपीची गोळी सकाळी घेता आणि पत्र आपल्या हातात संध्याकाळी पडेल.

मामा, खरी मेख "छापील" या शब्दात आहे. आमचं गाव कांद्याच्या लिलावावर जगतं. इथे सांगितलेली किंमत म्हणजे नुसती बोलायची सुरुवात असते. छापील किमतीला या गावात फक्त यष्टीचं तिकीट खपतं, बाकी काही नाही. त्यामुळे गिऱ्हाईक येतं, चित्र बघतं, तोंडाचा आ करतं आणि मग किंमत बघून तो आ तसाच राहतो. एकाने विचारलं, ह्यात डीव्हीडीपेक्षा गाणी जास्त आहेत का? दुसरा म्हणाला, हिरोच्या नाकावरचा फोड एवढा स्पष्ट दिसतोय, उलट तुम्हीच आम्हाला काहीतरी द्या. एक बाई जुन्या सीडींचं गाठोडं घेऊन आल्या, मोडीत धरा म्हणाल्या, वरचा फरक देते. एक तर सरळ म्हणाला की एवढ्या पैशात बायकापोरांना पाचगणीला नेऊन घोड्यावर बसवून आणतो. आणि वाईचे एक रिटायर्ड मास्तर तर डिस्क उलटसुलट करून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हाच सिनेमा मी कॅसेटवर घेतला, मग सीडीवर घेतला, मग डीव्हीडीवर. एकाच नवरीशी किती वेळा लग्न लावायचं, आणि दर वेळी नवा आहेर?" याचं उत्तर आपल्याला सुचलं तर कळवा.

आज मात्र आशा होती. माणदेशातले कोंडीबा मेंढरं विकून बाजारातून थेट दुकानात आले. खिसा फुगलेला, मन खूश. मी लढाईचा सिनेमा पुढे केला. ते म्हणाले, "ढिगातला एक कांदा कापून बघितल्याबिगर व्यापारी बोली लावत न्हाई. तुजाबी माल आतनं दाव." रास्त मागणी होती. मी म्हटलं, थोडा दाखवतो. बाजाराचा दिवस, बघता बघता चाळीसेक माणूस गोळा झालं. पडद्यावर तोफा धडाडत होत्या, सैनिक धावत होते, आणि कोंडीबा एकदम ओरडले, "थांबीव रं! त्या माळावर मेंढरं हायत. त्यातलं एक लंगडतंय बग!"

मामा, मी हा सिनेमा डीव्हीडीवर दहा वेळा पाहिला असेल. तिथे त्या माळावर नुसते पांढरे ठिपके होते. आज खरंच मेंढरं दिसली, आणि खरंच एक लंगडत होतं. मला माझ्याच मालाचा असा अभिमान वाटला की विचारू नका. मग लढाईकडे कोण बघतो? सगळे माळाकडेच बघायला लागले. खुरात काटा गेलाय म्हणून एक जण, खूर सडलंय म्हणून दुसरा, यावर मागे शिवीगाळ झाली. आता बंद करतो म्हटलं की लोक म्हणत, थांब, ते मेंढरू पुढं कुठं दिसतंय का बघू. मीही बघत बसलो. सिनेमा संपला तेव्हा भान आलं की मी थोडा म्हणता म्हणता सगळाच दाखवला. कोंडीबांनी मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "लय झ्याक. शेवटाला सावलीत बसलं बिचारं. आता डिस्क घिऊन काय करू? गोष्ट तर कळली." दुकान रिकामं झालं. माझ्याकडे दहा डिस्का आणि चाळीस चहाचे रिकामे कप उरले.

तेव्हा विनंती अशी की टेम्पो पुढच्या रविवारवर ढकलावा. मला जिंकायची हौस नाही मामा. पण संध्याकाळी शटर ओढताना "आज किती गिऱ्हाइकं पळवली?" असं विचारणारं कुणी नसलं की दुकान फार मोठं वाटतं. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक जावई,
नानासो

ता. क. (शनिवार) विकली! मामा, छापील किमतीला विकली! पत्र द्यायला निघणार तोवर तो तासगावचा कंडक्टरच दुकानात आला. "त्या महागातली एक द्या," म्हणाला. कुठली देऊ विचारलं तर म्हणाला, "कुठलीबी द्या. मला एवढंच सांगितलंय, घासाघीस करायची न्हाई आन बिलावर छापील किंमत घ्यायची." जाता जाता विचारलं, ही फ्रीजमध्ये ठेवायची का? (त्याची गाडी दुपारी सुटते, पत्र तेव्हा स्टँडवर देईन.) तर क्रांती हरली, मी जिंकलो. आपण पंच, तिला तसं स्पष्ट सांगावं.

ता. क. २. आनंदाच्या भरात पैसे मोजायचे राहिले होते. कंडक्टरने दिलेली पिशवी आता सोडली. पिशवी पोपटी कापडाची आहे, लाल ठिपक्यांची. आत ब्लाऊज शिवून साठवलेल्या, चार घड्या घातलेल्या नोटा. मी त्या तशाच घड्या घालून परत पिशवीत ठेवल्या.

ता. क. ३. वरचं सगळं रद्द. रविवारी टेम्पो आणाच, मोठा आणा. शिलाई मशीन न्यायला नको, टीव्ही न्यायला. मी तो मघाशीच खाली उतरवला. आपला हॉल मोठा आहे, आपल्याला लढाईची आवड आहे, आणि एक डिस्क तर घरात आलेलीच आहे. (ती साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही, म्हणून ब्लू-रेचं मशीनही सोबत देतो.) कोपरा झाडून घेतला, शिलाई मशीन मांडली, पिशवीतले पैसे जसेच्या तसे तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. डिस्क कुणी मागवली ते आपल्याला माहीत नाही, मलाही माहीत नाही. तिला हरायचंच असेल तर खुशाल हरू द्या. फक्त टेम्पोत तिला स्टँडच्या बाजूला बसवा. पडदा लावलाय, तो तिथूनच दिसतो.