सर्व्हर बंद असताना

७ एप्रिल, सोमवार

आज कंटेनर डेपोत आगीची मॉक ड्रिल झाली आणि मी घाबरून घरी आले! भोंगा वाजला तरी लोक हसत होते. क्रेनवरचा धर्मेंद्र वरूनच ओरडला, "म्याडम, खरी आग लागली त मी पयले गेटवर दिसीन तुमाले!" सगळे खिदळले. मीही हसले.

पण आणीबाणीचा आराखडा मी लिहिलाय. कस्टम्सची निरीक्षक म्हणून ते काम माझंच. नकाशा काढताना दिसलं — अकोटच्या जिनिंगमधून आलेल्या कापसाच्या गाठींचे कंटेनर, आणि त्यांना खेटून कीटकनाशकाचे! आमच्या अधीक्षकांना, शेखर साहेबांना म्हटलं, हे हलवू या.

"फाईल पाठव."

११ एप्रिल, शुक्रवार

आराखड्यासकट पाठवलेल्या फाईलचं उत्तर नाही. ऊन त्रेचाळीस. कंटेनरच्या पत्र्याला हात लावून पाहिला. चटका बसला.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी दीडला म्हातारा पहारेकरी देवमन धावत आला. "म्याडम, कापूस जळून राहिला! वास येऊन राहिला!" ज्वाळा नाहीत. एका कंटेनरच्या दाराच्या फटीतून बारीक धूर, पत्र्याचा रंग फुगून सुटलेला. मागेच कीटकनाशक. ते पेटलं तर विषारी धूर थेट वस्तीवर.

साहेब नागपूरला. फोनवर म्हणाले, "मी येईस्तोवर सील तोडू नको." सील तोडायचंच नव्हतं — दार उघडलं की हवा आत जाते, गाठी भडकतात. पण कीटकनाशक हलवायला हवं होतं. क्रेन तिथे नेणार कोण? धर्मेंद्रकडे पाहिलं. तोच म्हणाला, "पाहून काय राहिल्या? कोन्ता पयले उचलू ते सांगा."

गेला. त्या धुरात! चार फेऱ्या मारल्या.

बंबवाल्यांनी वीज तोडायला लावली. सर्व्हर बंद. फाटकाशी आयातीचे नऊ कंटेनर गाड्यांवर चढवून उभे — कागद तपासलेले, फक्त संगणकावरचा सुटकेचा आदेश बाकी. एकात डायलिसिसचं सामान, अमरावतीच्या एका दवाखान्याचं. तिथली बाई फोनवर रडवेली झाली. "आमच्याकडे उद्यापुरतंच आहे हो."

आराखड्यात मी लिहिलंय — सर्व्हर बंद असेल तर अधिकाऱ्याने कागदावर सही करून माल सोडावा, नोंद नंतर. पण आराखड्यालाच अजून मंजुरी नाही! आणि बंबवाले ओरडताहेत, गाड्या काढा, गाड्या काढा.

केल्या सह्या. नऊच्या नऊ. ड्रायव्हरांचे चेहरेही पाहिले नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

विझली एकदाची. पाणी मारून मारून पत्रा थंड केला, मगच दार उघडलं.

धर्मेंद्र दवाखान्यात, ऑक्सिजनवर. बाहेर बाकावर त्याची बायको रूपाली. मला पाहून उठली नाही. "तुमीच पाठवलं ना त्याईले?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१९ एप्रिल, शनिवार

नोटीस आली. कोणाच्या परवानगीने माल सोडला? साहेब नजर चुकवतात. म्हणे, "आराखडा माझ्या टेबलावर आलाच नाही."

जेवताना अश्विन म्हणाला, "तू काहून केली सही? साहेब येईपर्यंत थांबता नसतं आलं?" नवराच असं विचारतो तर चौकशीवाले काय विचारतील! ताटावरून उठले.

अमरावतीच्या बाईंचा मेसेज — सामान वेळेत पोचलं, सहा पेशंट मशीनवर घेतले. तोच पुन्हा पुन्हा वाचतेय.

२१ एप्रिल, सोमवार

धर्मेंद्रचा ऑक्सिजन काढला! बोलला. पहिलं काय, तर — "क्रेनची चाबी माह्याच खिशात राह्यली, म्याडम." रूपाली हसली. मी बाहेर येऊन रडले.

२३ एप्रिल, बुधवार

चौकशीत माझ्या परवानगीचं कोणी विचारलंच नाही. जळालेल्या कंटेनरचं सील आधीच कापून परत चिकटवलेलं होतं. आग लागली नव्हती. लावली होती. मी सोडलेल्या नऊपैकी आठ कंटेनर पोचले. नववा कुठेच नाही — त्या गाडीचा नंबर कुठल्याशा स्कूटरचा निघाला. कागदावर यंत्रांचे सुटे भाग. आत काय होतं ते मला सांगितलं नाही. संगणकावर तो अडला असता; आग लावली ती त्याला माझ्या सहीवर बाहेर काढायला.

घराबाहेर दोन पोलीस बसवलेत. माझ्या रक्षणाला की माझ्यावर नजर ठेवायला? विचारायचा धीर झाला नाही.